डोंगरातली सायकल : तेव्हाची आणि आताची

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या सायकलवाल्यांच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे, पण बोललो तेच ठेवले आहे.)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे टोकन घ्या आणि बाकावर बसा म्हणण्याइतका वेळ. तेव्हा थोडं जास्त होईल, सांभाळून घ्या. खाली वडे तळायला घेतलेत हे मलाही कळतंय, वास गच्चीपर्यंत आलाय.

गेला तासभर आपण या पांढऱ्या चादरीवर सगळ्यांचे फोटो आणि फिल्मा पाहिल्या. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी सिमल्याकडच्या वाटा दाखवल्या. नारकंड्याहून देवदारांच्या रानातून जाणारी वाट आणि पुढे जलोरीची खिंड, दहा हजार फुटांच्याही वर. हिमाचलात २००५ पासून माउंटन बाइकची शर्यत होते, तिच्याबद्दल वाचूनच ते तिकडे गेले असं म्हणाले. डॉक्टर स्वतः पेशंटला जिना चढू नका सांगतात, ही गोष्ट वेगळी. सी विंगमधल्या आपल्या सूनबाई नाशिकच्या. त्यांनी अंजनेरीच्या पायथ्याच्या वाटा दाखवल्या. २०१५ साली नाशिकच्या दोघा डॉक्टर महाजन बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पुरी केली, त्यानंतर माहेरच्या गल्लीत सायकलींची रांग लागली असं त्या सांगत होत्या. ती शर्यत डांबरावरची, पण वेड लागलं की डांबर काय आणि माती काय.

मग माझ्या मुलीच्या मुलाने व्हँकुव्हरहून पाठवलेली फिल्म झाली. ती बघताना पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी दोनदा डोळे मिटून घेतले, मी पाहिलं. आणि शेवटी आपल्या इथल्या पोरांच्या रविवारच्या फेऱ्या. डहाणूहून अस्वालीचं धरण आणि बाहरोटचा पायथा, तलासरीकडे कुर्झ्याचं धरण, कासा-सायवनकडून गंभीरगडाचा पायथा. छान वाटलं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा या सोसायटीत सायकल म्हणजे पेपरवाल्याची आणि वॉचमनची. आता पार्किंगच्या भांडणात सायकलींचाही एक वेगळा विषय असतो, हे कार्यकारिणीला सांगायला नको.

या पोरांची भाषा मला आधी कळत नसे. सिंगल ट्रॅक, बर्म, ड्रॉप, हार्डटेल. नातवाला बसवून एकेक शब्द विचारून घेतला. सिंगल ट्रॅक म्हणजे आपली पाऊलवाट. बर्म म्हणजे वळणावर बाहेरच्या बाजूला घातलेला मातीचा उतरता बांध, त्यावरून सायकल वेग न सोडता वळते. ड्रॉप म्हणजे वाट एकदम तुटते आणि सायकलसकट खाली उडी मारायची. हार्डटेल म्हणजे पुढे शॉकअप आहे, मागे नाही. मागेही असला की फुल सस्पेन्शन, आणि किंमतही फुल. त्याच्या मित्राची सायकल सव्वादोन लाखांची आहे. मी म्हटलं, अरे, एवढ्या रकमेला आम्ही दोन जामीनदार मागायचो.

हा खेळ जन्माला आला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन नावाच्या जिल्ह्यात. तिथल्या काही पोरांनी तीस-चाळीस सालच्या जुन्या, जाड टायरच्या, मोडीत निघालेल्या सायकली उचलल्या आणि डोंगरातल्या मातीच्या रस्त्याने खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. दोन मैलांत तेराशे फूट उतार. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आटीत असे, पेडल उलटं दाबलं की लागायचा. एका उतरणीत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की आटी उघडून नव्याने ग्रीस भरायचं, म्हणजे ‘रीपॅक’ करायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ नावाच्या माणसाने या कामासाठी मुद्दाम नवी सायकल बांधली, मग कंपन्या आल्या, आणि वीस वर्षांत, १९९६ ला अटलांटाला, हा खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला.

हे ऐकल्यावर मला हसू आलं. कारण ब्रेक तापेपर्यंत डोंगर उतरणारे लोक त्याच काळात आपल्या डहाणू-तलासरीतही होते. पोस्टमन होते, प्राथमिक शाळेचे गुरुजी होते, हिवतापाच्या गोळ्या वाटणारे आरोग्यसेवक होते. आणि बँकेचे फील्ड ऑफिसर होते, त्यातला एक मी. कोणी आमची शर्यत लावली नाही. लावली असती तर गुरुजी जिंकले असते, त्यांना घंटा व्हायच्या आत पोचावं लागे.

आता माझी फिल्म. फोटो एकही नाही, तोंडीच ऐकावी लागेल.

मी १९८२ मध्ये तलासरीला आलो. बी.कॉम. झालेला, दादरला वाढलेला, भात कुठल्या महिन्यात कापतात हे पुस्तकात वाचलेला. देशभर सगळ्या तालुक्यांत एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. आदिवासी कुटुंबाला बैलजोडीसाठी कर्ज, त्यात निम्मं अनुदान सरकारचं. कागदावर चांगली योजना. बैल घेतला की विमा उतरवायचा, विम्याचा पितळी बिल्ला बैलाच्या कानात मारायचा. बैल मेला तर बिल्ल्यासकट कान आणून दाखवायचा, मग विम्याचे पैसे. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. हसू नका, नियमच होता.

बँकेने सायकलसाठी अॅडव्हान्स दिला, पगारातून कापून घेतला. अॅटलसची काळी सायकल, दांड्यांचे ब्रेक, गिअर नाही, वजन विसेक किलो. तलासरीहून हायवे सोडून उधव्याच्या बाजूला वळलं की डांबर संपायचं, मग मुरूम, मुरूम संपला की गाडवाट, आणि गाडवाट संपली की पाऊलवाट. पाऊलवाटेवर निम्मा वेळ सायकल माझ्यावर बसलेली असे. पोरं आज ज्याला ‘हाइक अ बाइक’ म्हणतात आणि फोटो काढतात, ते मी खांद्यावर फाइलींची पिशवी घेऊन आठवड्यातून तीनदा करायचो.

या वाटा कोणी आखलेल्या नाहीत. पाड्यावरून विहिरीला, विहिरीवरून खाचराला, खाचरावरून बाजाराला चालून चालून त्या पडल्या. मे १९४५ मध्ये झरीला वेठबिगारीविरुद्ध वारल्यांची मोठी सभा झाली, गोदावरी परुळेकरांचा लढा तिथून पेटला. तेव्हा लोक काय एस.टी.ने आले होते? याच वाटांनी आले. त्याच्या किती तरी आधी, संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं बाहरोटच्या गुहेत सांभाळला असं मानतात. तो वर नेला तोही अशाच कुठल्या तरी वाटेने. आपल्या पोरांनी बाहरोटला सायकली पायथ्याशीच ठेवल्या, वर नेल्या नाहीत, हे मला फिल्ममध्ये सगळ्यात आवडलं.

तर १९८३ चा डिसेंबर. सुगी झाली की आमची वसुली निघायची. उधव्याच्या पलीकडे एका पाड्यावरचा एक कर्जदार थकला होता. त्याचा एक बैल पावसाळ्यात रानात मेला. आठ दिवसांनी सापडला तेव्हा कान काय, डोकंही जागेवर नव्हतं. बिल्ला मिळाला नाही. विमा नाकारला गेला. एका बैलाने नांगर चालत नाही, म्हणून दुसराही विकला गेला आणि पैसे घरात गेले. आता हप्ते कशातून यायचे? पण माझ्या खतावणीत तो थकबाकीदार. त्याच्या नावाची नोटीस माझ्या पिशवीत होती. बजावायला मीच निघालो, शिपाई त्या दिवशी रजेवर होता.

पाड्याच्या अलीकडे एक उतार आहे. सुटा मुरूम, खाली कोरडा ओहोळ. आजच्या पोरांनी पाहिला तर खूश होतील. मी उतरून चालायला हवं होतं. पण बत्तीस वर्षांचं वय, उतार पाहिला की पाय पेडलवरच राहतात. मध्यावर पुढच्या ब्रेकची दांडी निसटली. मागचा दाबला तर चाक घसरलं. सायकल एकीकडे, मी दुसरीकडे, पिशवी तिसरीकडे. उजवी नडगी मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

किती वेळ पडून होतो सांगता येत नाही. ऊन बरंच चढलं होतं. मग दोन माणसं आली, लाकडं तोडून परतत होती. त्यातला एक तोच. मी त्याला ओळखलं, त्याने मला ओळखलं. बँकेचा सायब म्हणजे कशासाठी आला असणार हे त्यालाही कळलं असणार, पण तो त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. पायाला दोन बाजूंनी काठ्या बांधल्या. घोंगडी आणली, बांबूला झोळी बांधली, आणि पाड्यावरच्या चौघांनी मिळून मला दीड-दोन तास खांद्यावरून वाहून पक्क्या रस्त्यापर्यंत आणलं. वाटेत एकदा खाली ठेवलं ते पाणी पाजायला. रस्त्यावर ट्रक थांबवला. मला वर चढवल्यावर तो धावत मागे गेला आणि माझी पिशवी घेऊन आला. म्हणाला, “सायब, कागद उडालेले, सगळे गोळा केलेत, मोजून घ्या.” त्याला वाचता येत नव्हतं. सगळ्यात वरचा कागद त्याचीच नोटीस होती.

ही गोष्ट मी नातेवाइकांत पुष्कळदा सांगितली आहे, पण इथपर्यंतच. पुढचं आज पहिल्यांदा सांगतोय. प्लास्टरमध्ये दीड महिना घरी होतो. परत रुजू झालो तेव्हा टेबलावर थकबाकीची यादी होती. मी ती नोटीस शिपायाबरोबर पाठवून दिली. साहेबांनी दबाव आणला वगैरे काही नाही, कोणी काही म्हटलं नव्हतं. यादीत नाव होतं, नोटीस काढलेली होती, पाठवली. सोबत, विम्याचा पुन्हा विचार व्हावा, असं एक पत्र वर लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही आणि मीही पुन्हा लिहिलं नाही. १९८५ ला माझी बदली झाली. १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची शेतीकर्जमाफी आली तेव्हा त्या खात्याचं काय झालं, हे एक फोन करून विचारता आलं असतं. मी तो फोन केला नाही. निवृत्तीनंतर घर घ्यायला पुन्हा याच भागात आलो, त्याला हे एक कारण असेल. पण त्या पाड्यावर अजून गेलो नाही, हेही खरं.

सभा शांत झाली. बरं, कॅनडात जाऊ.

२०२३ च्या उन्हाळ्यात मुलीकडे गेलो होतो तेव्हा नातवाने मला व्हिस्लरला नेलं. बर्फावरच्या खेळांचं गाव. उन्हाळ्यात तिथल्या पाळण्यांना सायकली लटकवतात. पोरं पाळण्यात बसून वर जातात आणि उतरत खाली येतात, पुन्हा वर. माझ्या पिढीच्या माणसाला हे जरा फसवणुकीचं वाटतं, चढ न चढता उतार! वाटांना रंग दिलेत: हिरवा सोपा, निळा मध्यम, काळा कठीण. काही वाटा फक्त खाली येणाऱ्या सायकलींसाठी. तिथे कोणी चालत येणारच नाही. ड्रॉपच्या आधी पाटी. व्हँकुव्हरच्या उत्तरेच्या डोंगरात तर सायकलवाल्यांची संघटना स्वतः फावडी घेऊन वाटा बांधते, दुरुस्त करते, ओल्या जागी लाकडी पूल घालते. नातू वर्षातून काही दिवस तिथे खणायला जातो. घरी त्याला भाजी चिरायला सांगा!

आणि जिथे चालणारे आणि सायकलवाले एकाच वाटेवर येतात तिथे मी एक पिवळी त्रिकोणी पाटी पाहिली. तीन कोपऱ्यांत माणूस, घोडा, सायकल, मध्ये बाण. बाणांचा एक अर्थ असा की सायकलने दोघांनाही वाट द्यायची. इंग्लंडमध्ये घोड्यांच्या वाटांवर सायकलला परवानगी मिळाली ती १९६८ च्या कायद्याने, आणि त्याच कलमात लिहिलंय की पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला सायकलने वाट दिली पाहिजे. स्कॉटलंडने २००३ मध्ये रानावनात फिरायचा हक्क सगळ्यांना दिला, सायकललाही, पण जबाबदारीने वागण्याच्या अटीवर. उलट अमेरिकेत कायद्याने राखलेल्या निखळ रानांत सायकलला बंदीच आहे, त्यावर तिथे अजून वाद चालतो. थोडक्यात, ज्यांनी हा खेळ काढला त्यांनाही वाट कोणाची हा हिशेब मांडावा लागला.

आपल्याकडे तो मांडलेला नाही. तिकडे खेळासाठी वाटा बांधल्या. आपण खेळतो त्या वाटांवर लोकांचा संसार चालू आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे आपल्याच तालुक्यातले, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रं नीट बघा. डोक्यावर भारा घेतलेली माणसं एकामागे एक चाललेली असतात. वाट काढलेली नसली तरी ती कुठून जाते हे कळतं. हल्लीच्या चित्रांत सायकलही दिसते. पण ती कोणाच्या अंगावर जाताना दिसत नाही.

आता जे सांगतो त्याला माझ्या इथल्या नातवाची परवानगी घेतली आहे. तो तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलाय. बाळा, वर बघ.

गेल्या आषाढात आपली सहा पोरं रविवारी सकाळी गंजाडच्या बाजूला गेली होती. टेकडीवरून खाली भातखाचरांत उतरणारी वाट. त्या उतारावर कोणी तरी स्ट्राव्हावर ‘सेगमेंट’ करून ठेवला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोबाइलमधल्या त्या अॅपवर वाटेचा एक तुकडा ठरवतात आणि तो कोणी किती सेकंदांत पार केला याची यादी लागते. पहिल्याच्या नावापुढे मुकुट. माझा नातू दुसरा होता, चार सेकंदांनी. पहिला कोण हे सांगत नाही, तोही इथेच आहे.

लावणीचे दिवस. वळणापलीकडून एक बाई डोक्यावर आवणाच्या जुड्यांचं टोपलं घेऊन येत होत्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असतील. नातवाने ब्रेक मारला. डिस्क ब्रेक उत्तम लागला, पण चिखलाला ते माहीत नव्हतं. धक्का लागला नाही असं तो म्हणतो आणि माझा विश्वास आहे. त्या दचकून बाजूला झाल्या, बांधावरून पाय सरकला आणि हातावर पडल्या. पोरं थांबली. त्यांना उठवलं, पाणी दिलं, जुड्या गोळा केल्या, विचारलं लागलं का. त्या म्हणाल्या, नाही. पोरांनी दोनशे रुपये दिले आणि निघाली. घरी येऊन नातू म्हणाला, सायकल घसरली, थोडं खरचटलं. ग्रुपवर फोटो आले, फिल्मही आली, तेवढा तुकडा कापून.

मला कळलं नवव्या दिवशी. आपल्या दोन मजल्यांवर काम करणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्यांची नणंद. मनगट मोडलं होतं, दोन दिवस हळद लावून बसल्या, मग प्लास्टर. ऐन लावणीत उजवा हात गळ्यात. मावशींनी तक्रार म्हणून सांगितलं नाही हो, भांडी घासता घासता सांगितलं.

मी नातवाला रागावलो नाही. कुठल्या तोंडाने रागावणार? त्याने फिल्मचा तुकडा कापला होता आणि मी चाळीस वर्षं गोष्टीचा तुकडा कापत होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षाने गेलो, पुढचं अंतर चालत. चालताना तो उतार पाहिला. वर चढून यायला मला वीस मिनिटं लागली, तो तो एक मिनिटाच्या आत उतरला होता.

त्या घराच्या ओट्यावर बसलो. चहा आला, कोरा. त्या बाई आणि त्यांचे यजमान दोघंही होते. आरडाओरडा नाही. यजमानांनी विचारलं, ती म्हणजे माणूस, आवाज ऐकून सरली. गुरं असती तर? पोरं शाळेत जातात तेव्हा येता का? मग बाई म्हणाल्या, एवढी भारी सायकल, हिला घंटी का नाही? नातू म्हणाला, या सायकलींना येत नाही, लोक वजन कमी ठेवतात. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मीही. सव्वा लाखाची त्याची सायकल, आणि माझ्या अॅटलसला होती ती वस्तू तिच्यावर नाही.

पुढचं थोडक्यात. दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी नातवाने आपल्या साठवलेल्या पैशांतून दिली. मी कर्ज दिलं नाही, जामीनही राहिलो नाही. आणि पाच पोरं तीन दिवस तिथे लावणीला गेली. त्याचे फोटो मात्र आज कोणी दाखवले नाहीत, कारण पहिल्या दिवशी यांनी लावलेली रोपं दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर तरंगत होती. यजमानांनी सगळी पुन्हा लावून घेतली. अंगठ्याने किती दाबायचं ते तिसऱ्या दिवशी जमलं म्हणे.

तो सेगमेंट धोकादायक आहे अशी नोंद अॅपवर करता येते. तशी केली की वेळांची यादी बंद होते. ज्याचा मुकुट होता त्यानेच ती केली. त्याचं मला कौतुक आहे, आणि हे मी सगळ्यांसमोर सांगतोय. लावणीपासून कापणीपर्यंत खाचरांतल्या वाटा बंद ठेवायच्या, बांधावरून सायकल चालवायचीच नाही, असं पोरांनी आपापसात ठरवलंय. मुंबईहून आणि वापीहून येणारे ग्रुप ते पाळतील का? मला शंका आहे. ते चारोटीला गाड्या लावतात, उतरतात आणि दुपारी परत जातात. त्यांच्या घरी मावशी वेगळ्या. पण आपल्याला इथेच राहायचंय.

काही जण म्हणतात, काका, या सायकलींमुळे पाड्यावर पर्यटन येईल, चहा-नाश्त्याचे पैसे मिळतील. येवोत बापडे. माझा विरोध नाही. पण २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी भागात भूकंपाचे धक्के बसत होते, लोक थंडीत घराबाहेर झोपत होते, तेव्हा तिकडे कोणी ट्रेलवर गेलेलं मला आठवत नाही. आणि दुसरं असं, एक्स्प्रेसवे आणि बुलेट ट्रेनच्या कामांनी या तालुक्यांतल्या कितीतरी वाटा तुटताहेत. जिथे पाच मिनिटांत पलीकडे जाता येई तिथे वळसा घालावा लागतो. आपल्या पोरांच्या मोबाइलमध्ये गेल्या चार-पाच वर्षांतल्या या सगळ्या वाटांच्या रेघा तारखेनिशी नोंदलेल्या आहेत. उद्या एखाद्या पाड्याला इथून आमची वाट होती हे दाखवायची वेळ आली तर त्या रेघा कामी येऊ शकतील का, हे कायदा जाणणाऱ्याला विचारायला हवं. बी विंगमध्ये दोन वकील आहेत. वडे खाताना त्यांना गाठा.

माझ्या तलासरीच्या त्या पाड्याचं म्हणाल तर नातू म्हणतो, आबा, आपण जाऊ. आता तिथपर्यंत डांबर आहे म्हणे. तो माणूस माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा होता. असेल की नाही, कोण जाणे. होळीच्या आधी जायचं ठरलंय. काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. एक काम राहिलं. जिन्याजवळच्या टेबलावर पिशवीत अठरा घंट्या आहेत. पितळी, जुन्या पद्धतीच्या, आवाज लांबवर जातो, मी दुकानात एकेक वाजवून घेतल्या आहेत. पावती खजिनदारांकडे दिलेली नाही, खर्च माझा. प्रत्येक सायकलवाल्याने एक घ्यायची आणि खाली पार्किंगमध्ये आजच बसवायची. काहींचं हँडल जाड आहे, तिथे क्लिप बसत नाही, त्यासाठी रबराच्या पट्ट्या आणल्यात. स्क्रू-ड्रायव्हर वॉचमनकडे आहे, काम झालं की त्याला परत द्या, मागच्या वेळचा अजून मिळालेला नाही.